आधी गादी

घरं हलवणाऱ्या मामांना तुम्ही काहीही बोला, पण टेम्पोत सामान कसं भरायचं ते सांगायला जाऊ नका. तिथं त्यांचं डोकं तापतं. कपाटं आधी, एकदम आत. मग पलंग, टेबलं, खोकी. आणि गाद्या सगळ्यांत शेवटी, दाराशी. का, तर नव्या घरी पहिली गादी उतरली पाहिजे. "माणसाला पाठ टेकायला जागा झाली, की अर्धं घर लागलं," असं मामांचं म्हणणं. ते खोटं पाडणारा अजून जन्माला यायचाय.

त्यांची दुसरी खोड मात्र घरात भांडणं लावणारी. जागा बदलताना लोक खुशाल जनावरं मागे टाकून जातात. नव्या घरात चालत नाहीत म्हणे! मामांना ते बघवत नाही. असं करत करत त्यांनी घरी तीन पायांचा कुत्रा नेला, कासव नेलं, दोन बदकं नेली. दर वेळी मामी कमरेवर हात ठेवून बजावायच्या, "हे शेवटचं हं!" कुत्र्याचं नाव तर त्यांनी 'शेवटचा'च ठेवलं. बदकं त्यानंतर आली.

त्या दिवशी गिऱ्हाईक होत्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई. एकटा जीव. मालकाला इमारत पाडायची होती, म्हणून भाचीकडे निघाल्या होत्या. तिच्याशिवाय जवळचं म्हणावं असं कुणी नव्हतं. मामा आधी सामान बघायला आले, तेव्हा खिडकीत एक जाडजूड पांढरी मांजर बसली होती.

"ही हेडबाई," बाईंनी ओळख करून दिली होती. "जन्म सगळा हेडबाईंच्या हाताखाली गेला. म्हटलं, रिटायर झाल्यावर सवय मोडायला नको."

आज मात्र खिडकी रिकामी.

"हेडबाई कुठायत?" मामांनी विचारलं.

"शेजारणीला दिली," बाई भिंतीकडे बघत म्हणाल्या.

मामांना वाईट वाटलं. पण दिली तर दिली, टाकली तर नाही ना, अशी मनाची समजूत घालून ते कामाला लागले.

बाई मालकाला किल्ली द्यायला गेल्या. तेवढ्यात मामांनी दाराशी ठेवलेलं दुधा-भाजीचं जाळीचं कपाट उचललं. जड लागलं, पण आत बरण्या असतील म्हणून त्यांनी उघडून पाहिलं नाही. जुनी जाळी वाटेत फाटायला नको, म्हणून त्याला जाड ब्लँकेट गुंडाळलं, दोरीनं करकचून आवळलं आणि नेमाप्रमाणे टेम्पोत पार आत सरकवलं. त्याला लोखंडी कपाट टेकवलं. मग पलंग, मग पुस्तकांची खोकी. शिकवणाऱ्या बाईच त्या, खोकी संपता संपेनात!

बाई परतल्या तेव्हा सगळं भरून झालं होतं. टेम्पो सुटला. केबिनमध्ये मामांशेजारी बसलेल्या बाई सारख्या मागे कान देत होत्या.

"ते जाळीचं कपाट दाराशीच आहे ना हो?" त्यांनी शेवटी विचारलं.

"छे! सगळ्यांत आत. आणि असं ब्लँकेट आवळलंय म्हणता, वारासुद्धा शिरायचा नाही."

बाईंच्या तोंडाचं पाणी पळालं. "अहो, थांबवा! हेडबाई आहे त्यात!"

मामांनी ब्रेक दाबला. टेम्पो भर रहदारीत कडेला लागला. मामा आणि बरोबरचा हमाल मागे धावले, गाद्या फुटपाथवर भिरकावल्या, खोक्यांवर खोकी उतरवली. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले. "बोंबला, बोंबला!" मामा ओरडले. कुणी शहाणा टेबल विकायचंय का म्हणून विचारायला आला, त्याच्याच हातात त्यांनी खुर्ची दिली.

उभ्या आयुष्यात आपण एक जनावर मागे टाकलं नाही, आणि आज आपल्याच हातानं जीव घेतला की काय! स्वतः मारलेली गाठ सुटेना. दोरी कधीही न कापणाऱ्या माणसानं शेवटी सुरी चालवली. ब्लँकेट ओढलं, दार उघडलं.

हेडबाई खालच्या फळीवर आडवी होती. हलेना. मामांना हात लावायचा धीर होईना.

"हेडबाई, अगं..." बाई वाकून म्हणाल्या.

एक कान हलला. मग एक शिंक आली. मग बाईसाहेब उठल्या, सावकाश बाहेर आल्या, फुटपाथवरच्या गादीवर चढल्या आणि त्यांनी ऐसपैस जांभई दिली.

"हुश्श!" करून मामा तिथंच बसले. हसूही येत होतं आणि डोळेही पुसत होते.

बाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "भाची म्हणाली होती, मावशी, तू ये, पण मांजर नको. तिच्या लेकराला दमा आहे, तिचं तरी काय चुकलं? मला वाटलं, दाराशी ठेवलं म्हणजे शेवटी भराल. उतरल्यावर गच्चीत लपवीन. हिला सोडून जाववत नाही, आणि हिच्यासकट मला कुणी ठेवून घेत नाही."

"बाई, लबाडी करायचीच होती, तर कपाट आधी भरतात एवढं तरी विचारायचं!" मामा म्हणाले. मग जरा थांबून बोलले, "भाचीला फोन करा. म्हणावं, येत नाही."

सामान पुन्हा चढलं, नेमाप्रमाणेच. टेम्पो मामांच्या घराकडे वळला. लेक नोकरीला गेल्यापासून वरची खोली रिकामी होती, दोऱ्या आणि पोती सोडली तर. मामीला काय सांगायचं, ते मामा वाटभर घोकत होते.

मामी दारातच होत्या. कमरेवर हात. "आज काय आणलंत?"

"मांजर."

"हे शेवटचं हं!"

मग केबिनमधून मांजर छातीशी धरून बाई उतरल्या आणि खाली मान घालून उभ्या राहिल्या. मामा घोकलेलं सगळं पार विसरले. "आणि... या बाई."

मामींनी बाईंकडे पाहिलं, टेम्पोकडे पाहिलं. "सामानासकट?"

"सामानासकट."

"मी आठवडाभरात दुसरी जागा बघते," बाई पुटपुटल्या.

मामींचे हात कमरेवरून खाली आले. "अहो, उभे काय राहिलात?" त्या मामांवर खेकसल्या. "दमल्यात त्या. आधी गादी उतरवा!"

मामांनी टेम्पोचं मागचं दार उघडलं. गादी दाराशीच होती.