रेडिओचं लायसन

भ्रामक हा शब्द मी उभ्या चाळीला चिकटवला, आणि शेवटी तो माझ्याच घरात सापडला.

माझं शिक्षण दुसरी. तीही अर्धी. (अर्धी राहिली ती मास्तरामुळे, माझ्यामुळे नाही!) तेव्हा आम्ही घाटकोपरला राहायचो. आमची सुमती मला पेपर वाचून दाखवायची. एकदा टकलावर केस उगवणाऱ्या तेलाची जाहिरात वाचून म्हणाली, "अण्णा, ही भ्रामक जाहिरात."

"म्हणजे गं?"

"खोटी समजूत करून देणारी."

शब्द मला भारी आवडला. दुसऱ्या दिवसापासून दूध भ्रामक, वाणी भ्रामक, नळाचं पाणीसुद्धा भ्रामक!

"अण्णा, पातळ दुधाला भ्रामक नाही म्हणत. भ्रामक कल्पना, भ्रामक जाहिरात, असं..."

"बापाला शिकवू नकोस!"

अशात मुलुंडची मंडळी सुमतीला बघायला यायची ठरली. आधीची दोन स्थळं आमची खोली बघूनच परत गेली होती. हे हातचं घालवायचं नव्हतं. शेजारचा शांताराम रेडिओ दुरुस्त करायचा. त्याच्याकडून मी एक उचलून आणला.

"अण्णा, नुसतं खोकं आहे हां! आत काय नाय!" त्यानं बजावलं.

"लग्न मुलीचं आहे, रेडिओचं नाही!"

वर विणलेला रुमाल टाकला. खोली झकास दिसू लागली. पाहुणे आले, आणि मुलाचे वडील थेट रेडिओपाशीच जाऊन बसले.

"वा! लायसन काढलंय ना? मी इथल्याच पोस्टात आहे. रेडिओची लायसनं माझ्याच टेबलावरून जातात."

तेव्हा रेडिओ ठेवायला सरकारी लायसन लागायचं. लायसन नाही म्हणावं तर गुन्हा, खोकं आहे म्हणावं तर अब्रू!

"काढलंय की!" मी ठोकून दिलं.

"तुमचं नाव वहीत पाहिल्याचं आठवत नाही. दाखवा बघू."

मी ट्रंक उपसली. रेशनकार्ड निघालं, देवी टोचल्याचा दाखला निघाला. "इथंच होतं हो..." शेवटी सुमतीनं पोह्यांच्या बशा खाली ठेवल्या आणि सरळ रेडिओची पाठ पाहुण्यांकडे फिरवली. आत एक झुरळ होतं.

"रिकाम्या खोक्याला लायसन लागतं का हो?" तिनं विचारलं.

त्यांनी गंभीरपणे विचार केला. "नियमात तसं नाही." मग मुलाकडे वळून म्हणाले, "मुलगी खरं बोलते. बापाला आपल्याला कुठं न्यायचंय?"

लग्न ठरलं.

पुढे सुमतीच्या मुलीला परीक्षेत प्रश्न आला: भ्रामक, वाक्यात उपयोग करा. तिनं लिहिलं, 'माझ्या आजोबांचा रेडिओ भ्रामक होता.' पैकीच्या पैकी मार्क! अर्ध्या दुसरीनंतर शाळेत माझं नाव निघालं, ते हे असं!