गोरेटीच्या जागी मंत्र्याचा खांदा

गोरेटी डर्कन वुडलॉनमध्ये राहायला आली त्या आठवड्यातच मी तिची सगळी माहिती काढली होती. मेयो परगण्यातली, उंची पाच फूट दहा, लग्न नाही, चहात साखर तीन चमचे, आणि या देशात राहायचे कागद नाहीत. शेवटची गोष्ट तिने सांगितली नव्हती. पण न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या या टोकाला, आम्हा आयरिश लोकांच्या या चार गल्ल्यांत, ती कुणाला सांगावी लागत नाही. जो माणूस उन्हाळ्यात घरी जात नाही आणि विचारलं की विमानाच्या भीतीची गोष्ट सांगतो, त्याच्याकडे कागद नाहीत.

"विमानाची भीती, मग आलीस कशी? पोहत?" मी विचारलं.

"गप रे फेलिम म्हाताऱ्या. लिट्रिमच्या माणसाने तोंड उघडू नये. तुमच्या अख्ख्या परगण्यात एक तरी सिग्नल आहे का?"

तेव्हापासून आमचं जमलं. मीही तिला सोडायचो नाही. मेयोवाल्यांना फुटबॉलचा चषक मिळून सत्तर वर्षं उलटली, दर वर्षी हरतात आणि दर वर्षी म्हणतात, पुढच्या वर्षी नक्की. मी म्हणायचो, "गोरेटी, वाट बघण्याचं बाळकडू घेऊनच तुम्ही जन्माला येता." तेव्हा ती हसायची.

तीन महिन्यांच्या परवान्यावर आली होती ती, आणि तेवीस वर्षं राहिली. रिव्हरडेलमध्ये मिसेस अ‍ॅडलर नावाच्या म्हाताऱ्या बाई आहेत, त्यांना उठवायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं, हे तिचं काम. कुणाचं काही वाकडं केलं नाही. पण एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं की दहा वर्षं परत यायचं नाही, असा इथला कायदा. म्हणून भावाच्या लग्नाला गेली नाही, भाचीच्या बारशाला गेली नाही. मी मात्र दर जुलैला जाऊन येतो. का? मी काय फार सज्जन होतो? मीही तसाच चोरून राहिलो होतो. पण आमच्या काळात सरकारने कागदांची लॉटरी काढली. मी एकाच नावाने दोनशे अर्ज टाकले आणि त्यातला एक लागला. बस, एवढाच फरक. या एका पाकिटाच्या जोरावर मी अब्रूदार झालो आणि ती गुन्हेगार.

आता मंत्र्यांचं ऐका. नाव कॉर्मक हेस्टिंग्ज, गोरेटीच्याच मतदारसंघातले. दर मार्चला सेंट पॅट्रिकच्या सणाच्या सुमारास डब्लिनहून येतात, आणि पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, हॉलमध्ये 'कागद नसलेल्या आपल्या बांधवांवर' भाषण देतात. हॉलची किल्ली माझ्याकडे असते, खुर्च्या मी मांडतो, त्यामुळे एकही भाषण माझ्या कानांतून सुटलेलं नाही. "हा विषय टेबलावर सर्वांत वर आहे." अकरा वर्षं सर्वांत वर आहे. ते टेबल मला एकदा बघायचंय. "थोडा धीर धरा, इथल्या सरकारशी आमचं बोलणं चालू आहे, विधेयक येतंय." आणि गोरेटी दर वर्षी तिसऱ्या रांगेत बसून धीर धरायची.

गेल्या फेब्रुवारीत तिची आई गेली.

आमच्याकडे माणूस गेलं की तीन दिवसांत पुरतात, आणि सगळा परगणा लोटतो. सकाळी गावच्या रेडिओवर नावं वाचतात, जवळची माणसं कोण, कुठे असतात, सगळं. आम्ही इथे बसूनही तो रेडिओ फोनवर ऐकतो. "मुलगा डॉनल, घरी, मुलगी गोरेटी, न्यूयॉर्क." न्यूयॉर्क हा शब्द कानावर पडला की गावातल्या प्रत्येकाला कळतं, ही यायची नाही.

तिकडे अकराची प्रार्थना, म्हणजे इथे सकाळचे सहा. चर्चमध्ये हल्ली कॅमेरा असतो. मिसेस अ‍ॅडलरना लापशी भरवता भरवता, मिठाच्या बरणीला फोन टेकवून, गोरेटीने आईची अंत्ययात्रा पाहिली. कॅमेरा वर माळ्यावर, त्यामुळे नुसती डोकी दिसत होती. बापाला तिने टकलावरून ओळखलं. मिसेस अ‍ॅडलर म्हणाल्या, "कुठला सिनेमा गं?" ती म्हणाली, "आयरिश आहे. संपतच आलाय."

मग शवपेटी उचलायची वेळ आली. सहा जण लागतात, घरची माणसं आधी. पेटी तिरपी होऊ नये म्हणून सारख्या उंचीची जोडी लावतात. डॉनल सहा फुटी. त्याच्या जोडीला लहानपणापासून ठरलेली होती गोरेटी, आजोबांना दोघांनीच पुढून खांदा दिला होता. आता डॉनलच्या शेजारची जागा रिकामी. तो इकडेतिकडे बघतो, आणि बाकावरून एक उंच माणूस कोट सावरत पुढे येतो.

कॉर्मक हेस्टिंग्ज.

येणारच. आमचे पुढारी एकही मयत चुकवत नाहीत. लग्नाला नाही आले तर चालतं, मयताला नाही आले तर मत जातं. हे मला ठाऊक होतं. पण ती मला सांगत होती ना, तिच्या स्वयंपाकघरात उभी राहून, तेव्हा माझ्या हातातला कप मी आपटून ठेवला. रिकामी जागा ज्याने भरायला हवी होती कायदा करवून घेऊन, त्याने भरली खांदा देऊन!

मार्च आला. मी खुर्च्या मांडल्या. "यंदा येऊ नकोस," मी म्हटलं. ती आली, काळा कोट घालून, आणि यंदा पहिल्या रांगेत बसली.

भाषण झालं. टेबल आलं, विधेयक आलं, धीर आला. मग जार्लथ कीव्हनी उठला. हा आमचा कंत्राटदार. गॅलवेचा, पोट आधी खोलीत शिरतं, मग तो. म्हणाला, "मंत्रीसाहेब, आयरिश लोकांपुरता वेगळा कायदा करून घ्या. ते भिंतीवरून उड्या मारून येणारे वेगळे. आपण त्यांच्यासारखे नाही."

गोरेटी वळली. "माझ्याबरोबर मारिसोल काम करते, होंडुरासची. तिचीही आई गेली. तिनेही फोनवरच पाहिली. काय वेगळं आहे रे, जार्लथ?"

"तुला राजकारण कळत नाही, पोरी."

"तुला कळतं ना?" मी मागून ओरडलो. "शहाऐंशी साली फिरायला म्हणून आलास, अजून फिरतोयस! लॉटरी लागेपर्यंत माझ्याच खोलीत पलंगाखाली लपायचास, विसरलास? आपण गोरे आहोत, एवढंच म्हणायचंय ना तुला? मग सरळ म्हण!"

हॉल हसला. जार्लथ लाल झाला. मंत्रीही हसले, आणि वातावरण निवळावं म्हणून खाली उतरून पहिल्या रांगेतले हात हातात घ्यायला लागले. हे त्यांच्या हाडात मुरलंय. रांग दिसली की हात पुढे. गोरेटीपाशी आले आणि थबकले. चेहरा ओळखीचा.

"डर्कन ना तुम्ही? मार्टिनच्या कन्या! आई फार चांगली बाई होती हो. मी होतो ना मयताला. केवढी गर्दी! पण..." आणि कपाळाला आठी घालून, अगदी आपुलकीने, "तुम्ही कुठे दिसला नाहीत?"

वर्षभरात तीनशे मयतं करणाऱ्या माणसाची सवय हो ती. कोण आलं, कोण नाही, याची डोक्यात वही. बोलून गेले आणि मग त्यांना कळलं आपण कुठे उभे आहोत. हात तसाच हवेत.

गोरेटी उठली. उंचीला दोघं सारखीच.

"तुमच्या खांद्याखाली बघितलंत का, कॉर्मक?" ती म्हणाली. "तिथे होते मी. ती माझी जागा होती."

हवेतला तो हात मंत्र्यांनी खिशात घातला.

"बाबा अठ्ठ्याऐंशीचे आहेत. त्यांच्याही वेळी तुम्ही याल, मला माहितीय. डॉनलच्या शेजारी उभे राहाल. ते मी होऊ देणार नाही. अकरा वर्षं तुम्ही म्हणालात थांब, मी थांबले. त्यात आई गेली. आता नाही थांबत."

"गोरेटी, घाई करू नका, विधेयक अगदी..."

"घाई?" ती म्हणाली. बस, एवढंच. कोटाची बटणं लावली आणि निघून गेली.

एप्रिलमध्ये मी तिला विमानतळावर सोडलं. एकाच बाजूचं तिकीट. मिसेस अ‍ॅडलरना तिने सांगितलं बाबांना बघून येते. त्या अजून रोज मारिसोलला विचारतात, उंच मुलगी कधी येणार. तेवीस वर्षं पोलीस दिसला की ही फुटपाथ बदलायची. आणि जाताना? कुणी अडवलं नाही, कुणी शिक्का मारला नाही. पट्टा काढा, बूट काढा, चला पुढे. या देशाला तिच्या जाण्याची एवढीही दखल नव्हती. मी गाडीत येऊन एवढ्या शिव्या दिल्या की शेजारच्या टॅक्सीवाल्याने काच वर केली.

मे महिन्यात डॉनलचा फोन आला. निवडणूक आहे, मंत्री दारोदार हिंडतायत. यांच्याही दाराशी आले. दार गोरेटीने उघडलं. मार्टिनना भेटायचंय म्हणाले. ती गोड आवाजात म्हणाली, "थांबा हं, आत विचारते. तुमचं काम यादीत सर्वांत वर आहे." आणि आत जाऊन बापाबरोबर पत्ते खेळत बसली. चहा विचारला नाही! मेयोमध्ये दारात आलेल्याला चहा न विचारणं म्हणजे थोबाडीत मारण्यापेक्षा वाईट. बाहेर पाऊस. पंधरा मिनिटं उभे होते म्हणे. डॉनल हसत होता, मागे म्हातारा हसत होता, मीही हसलो.

फोन ठेवला आणि पुन्हा भडकलो. पंधरा मिनिटं! अकरा वर्षांच्या बदल्यात?

तिला आता दहा वर्षं इथे यायची बंदी. मी एक्याऐंशीचा. हिशेब करायला लिट्रिमचा माणूसही पुरतो. म्हणून पॅरिशमध्ये लिहून दिलंय: माझी पेटी उचलाल तेव्हा पुढची उजवी जागा गोरेटीची आहे. ती रिकामी ठेवा. पेटी तिरपी झाली तरी चालेल, पण कुठल्याही मंत्र्याला तिथे हात लावू देऊ नका.