अळीनं खाल्लेली वांगी

वांगं हातात घेतलं की काका आधी ते उजेडाकडे धरायचे, मग देठाजवळ भोक शोधायचे. भोक सापडलं की चेहरा खुलायचा. "अळीनं खाल्लंय म्हंजी माणसाला चालतंय," असं म्हणत वांगं पिशवीत जायचं. चकचकीत वांग्याकडे ते ढुंकूनही बघत नसत.

लग्नाच्या पंगतीत घरचा डबा उघडणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमचे शेजारी काका त्यांतलेच. चिकलठाण्यात आमची दारं समोरासमोर. रविवारी मी शहागंजला भाजीला निघाले की तेही पिशवी घेऊन रिक्षात बसत. तिथला भाजीवाला त्यांच्यासाठी किडका माल निवडून ठेवायचा. "चाचा, आपका माल बाजू में रख्या मैं!" इतरांनी नाकारलेली वांगी तो मोठ्या थाटात त्यांच्या पिशवीत घालायचा आणि भाव चांगल्या वांग्यांचाच लावायचा. काका खूश, तोही खूश.

घरी आल्यावर सगळी भाजी मिठाच्या पाण्यात बुडायची. काकू दारातून मला सांगायच्या, "अळ्यांचं उष्टं खाऊन खाऊन म्हातारी झाले बघा मी."

काका रागवायचे नाहीत. "अळी मरंना, मग तू कशी मरशील?" म्हणायचे.

मला हा रिकामपणाचा छंद वाटायचा. एका संध्याकाळी गॅलरीत गवारीच्या शेंगा मोडता मोडता त्यांनीच त्यामागचं कारण सांगितलं. तालुक्याच्या गावी, कन्नडला, फवारणीची औषधं विकणाऱ्या दुकानात त्यांनी आयुष्यभर नोकरी केली होती. शेतकरी किडलेलं बोंड खिशातून काढून दाखवायचे आणि विचारायचे, किती टाकू?

"बाटलीवर लिहिलेलं असायचं, ताई. पण मी म्हणायचो, एक झाकण वरून टाका. माल बी खपायचा, अळी बी मरायची." त्यांनी हातातली शेंग मोडून ताटात टाकली. "बाटल्या फुटायच्या, अंगावर सांडायचं. तसाच घरी यायचो. ही धुवायची ती कापडं. हातानं."

पुढे काकूंना पोटाचा आजार निघाला. तो कशानं झाला हे सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. काकांनी ते आपल्यापुरतं केव्हाच ठरवून टाकलं होतं. इतकी वर्षं कपड्यांवरून जे घरात आलं, ते आता ताटातून तरी येऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांच्या हातात उरलं होतं. मग डाळ, गूळ, तेल, सगळं सेंद्रियच्या दुकानातून येऊ लागलं. काकू मात्र रोज आदल्या दिवसापेक्षा कमी जेवायच्या.

उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांना द्राक्षं खावीशी वाटली. "अहो, चांगली लांबडी आणा. डाग नसलेली. एकदाच."

"द्राक्षावर किती फवारे बसत्यात ते मला इचार," काका म्हणाले. "मीच इकलेत."

दवाखान्यात मी बरोबर होते. डॉक्टर म्हणाले, "बिनफवारणीचं चांगलंच आहे काका, पण आता पोटात काहीतरी जायला हवं. मागतील ते धुऊन द्या."

"व्हय, व्हय," म्हणून काकांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच कन्नडची एसटी धरली. बिनफवारणीची द्राक्षं शोधायला. जुन्या गिऱ्हाइकांची दारं वाजवत फिरले. कुणाच्या तरी अंगणात एक वेल सापडला. परतले तेव्हा रुमालात मूठभर बारकी द्राक्षं होती.

काकूंनी एक तोंडात टाकलं, डोळे गच्च मिटले आणि हसायला लागल्या. "लई आंबट हाय हो."

बाकीची रुमालातच राहिली. त्याच आठवड्यात काकू गेल्या.

बिनफवारणीचं खाऊन माणूस जास्त जगतो की नाही, मला ठाऊक नाही. काकांचा धसका खोटा होता असंही म्हणवत नाही. ते काय विकत होते हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पण काकूंना ती लांबडी द्राक्षं मिळायला हवी होती. त्यांच्या दाराचं कुलूप दिसलं की हे आठवतं आणि फार वाईट वाटतं.

काका आता पुण्याला मुलाकडे असतात. जाण्याआधीच्या रविवारी ते शेवटचे माझ्याबरोबर शहागंजला आले. भाजीवाल्यानं नेहमीची किडकी वांगी पुढे केली, पण काका शेजारच्या द्राक्षांच्या गाडीपाशी थांबले होते. एकही डाग नसलेला घड त्यांनी निवडून घेतला.

"चाचा, वो आपका माल नहीं!" भाजीवाला हसत ओरडला.

"माझं नाय," काका म्हणाले. "तिचं हाय."

घरी काकूंच्या फोटोपुढे ठेवायला तो घड घेतला होता. परतताना रिक्षात पिशवी त्यांच्या मांडीवर होती. जालना रोडला लागल्यावर त्यांनी त्यातलं एक द्राक्ष तोडलं आणि न धुता तोंडात टाकलं. बराच वेळ चावत राहिले.

"गोड हायेत, ताई," ते म्हणाले आणि तोंड बाहेरच्या बाजूला वळवलं. "लई गोड हायेत."