पावणेसतरा इंचांची बाही

मास्टरांनी आयुष्यात एकच मोठी थाप मारली होती, आणि तीही पोटच्या पोरीला. शाळेत आपण गणितात पहिले यायचो, हे त्यांनी तिला इतक्या वेळा ऐकवलं होतं की त्यांचं त्यांनाच खरं वाटायला लागलं होतं. खरं तर अपूर्णांकांनी त्यांना असं काही लोळवलं की ते शाळेकडे पुन्हा फिरकलेच नाहीत, थेट शिलाई मशीनवर जाऊन बसले. तिथे मात्र हात असा बसला की पंचवीस वर्षांत सगळा बाजार त्यांना मास्टर म्हणायला लागला.

आता ती थाप अंगाशी आली होती. पोरीच्या गणिताच्या बाईंनी नवीनच टूम काढली होती. वर्गातल्या पडद्यावर व्हिडिओ कॉल लावायचा आणि मुलांना कामाच्या जागेवरचं गणित दाखवायचं. मागच्या आठवड्यात एक सुतार होऊन गेला. या वेळी पोरीने हात वर करून सांगितलं, आमचे बाबा गणितात पहिले यायचे. विषय होता अपूर्णांक. मास्टरांच्या तोंडचं पाणी पळालं.

ठरल्या वेळी त्यांनी फोन दोऱ्याच्या रिळांना टेकवून उभा केला आणि तोंडात चार टाचण्या धरल्या. टाचण्या तोंडात असल्या की समोरचा फार बोलायला लावत नाही, हा त्यांचा जुना अनुभव. बाईंनी नमस्कार केला, मास्टरांनी मान डोलावली. कापड कोणतं म्हणून विचारलं, तर त्यांनी कापडाकडे बोट दाखवलं. दहा मिनिटं असंच निभावलं. पोरं खुदुखुदु हसत होती आणि पहिल्या बाकावरची त्यांची पोर कावरीबावरी होऊन बघत होती. तिचा तो चेहरा मास्टरांना बघवेना.

तेवढ्यात बाईंनी विचारलं, या बाहीसाठी कापड किती लांब घेणार? हे तर रोजचंच. त्यांनी टाचण्या काढल्या, खडू उचलला.

"बाही पावणेसतरा इंच. खाली दुमडायला सव्वा, शिलाईला अर्धा. साडेअठरा." रेघ ओढूनही झाली.

वर्गात मुलं अजून छेदच सारखे करत होती. बाईंनी फळ्यावर आकडे मांडून बेरीज केली. साडेअठराच आले.

"मास्टर, तुम्ही अपूर्णांकांची बेरीज तोंडी केलीत," बाई म्हणाल्या.

मास्टर फळ्यावरच्या त्या एकाच्या डोक्यावर एक बसलेल्या आकड्यांकडे बघत राहिले. यांनीच तर त्यांना शाळेबाहेर काढलं होतं, आणि हीच मंडळी सव्वा, पाऊण, दीड अशा नावांनी पंचवीस वर्षं त्यांच्या टेबलावर नांदत होती. त्यांना हसू आलं आणि थोडं रडूही आलं.

"हे असे असतात होय," ते म्हणाले. "मी तर यातच नापास झालो होतो, बाई. पहिलाबिहिला कधी आलो नाही. पोरीला उगीच सांगितलं."

पोरीने मान खाली घातली. कॉल बंद झाला आणि मास्टरांना वाटलं, गेली आपली सगळी पत. त्या दिवशी त्यांनी एका शर्टाची काजं चुकून उलट्या बाजूला केली.

संध्याकाळी पोर दुकानात आली. रागावलेली दिसत नव्हती. तिने दप्तराच्या तळातून चार घड्या घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. अपूर्णांकांची चाचणी, पंचवीसपैकी साडेचार, तारीख तीन आठवड्यांपूर्वीची.

"तुम्ही पहिले यायचा ना," ती म्हणाली, "मग कशी दाखवणार?"

मास्टरांनी इस्त्री घेतली आणि तो कागद हलक्या हाताने सरळ केला. मग खडू तिच्याकडे दिला.

"दुसरी बाही राहिलीय. दोघं नापास मिळून कापू. माप तू सांग."