मोठ्या मायचे पाय

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, हॉस्टेलच्या मैत्रिणींना नाही. जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्या मोठ्या मायला तर नाहीच. आता तुमच्यापुढे लिहायला बसले आहे, तरी हात अडतोच आहे.

मोठी माय म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्याची बायको. सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या पलीकडे आमचं गाव. घरातलं कुणी दहावीपुढे गेलेलं नव्हतं. मी बारावी झाले तेव्हा बाबा म्हणाले, बस झालं आता. मोठी माय चुलीपुढून उठली, हाताला पीठ तसंच. म्हणाली, "शिकू द्या तिला. घरात एक तरी माणूस बराबर वाचणारं पाहिजे." मी हिंगोलीच्या कॉलेजात गेले ती तिच्या या एका शब्दावर.

हिंगोली जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. पहिल्या वर्षाच्या दिवाळीला मी कॉलेजच्या ग्रंथालयातून एक पातळ पुस्तक घरी नेलं. घरच्या घरी तब्येत कशी सांभाळावी, याचं. सकाळी कोमट पाणी प्यावं, संथ श्वास घ्यावा, अंगाला तिळाचं तेल लावावं, मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसावं. रोज अर्धा तास स्वतःसाठी ठेवावा. मी ते अंगणात मोठ्याने वाचून दाखवलं. आई, मोठी माय, शेजारच्या दोघी-तिघी ऐकत होत्या.

"सोतासाठी?" मोठी माय हसली. "अन् भाकरी काय तुझं पुस्तक टाकून राहिलं?"

सगळ्या हसल्या. पण ती ऐकत होती, हे मला दिसत होतं. घरातल्या सगळ्यांचे तळपाय काशाच्या वाटीने तीच चोळायची. तिचे पाय कुणी चोळलेले मी कधी पाहिले नाहीत. टाचांना काळ्या भेगा. चप्पल निसटून मागे राहिली तरी तिला कळायचं नाही. "लाकडाचे झाले गं पाय," म्हणायची, आणि आम्ही हसायचो. सेनगावच्या डॉक्टरांनी तिला साखरेचा आजार सांगितला होता, त्यावरही हसायचो.

दुसऱ्या दिवशी तिने आपणहून पाणी तापत ठेवलं. मी घमेल्यात ओतलं, मीठ टाकलं. ती ओट्यावर बसली, पाय सोडले, डोळे मिटले. तिला दिवसाउजेडी असं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. लय गरम नाही ना, मी विचारलं.

"न्हाई गं, कोमटच हाय. टाक अजून."

मी टाकलं. दोनदा. स्वतःचा हात घालून पाहिला नाही.

पाय बाहेर काढले तेव्हा लाल झाले होते. सांजेला फोड आले. पुढे जखम चिघळली, नांदेडला न्यावं लागलं, आणि तिच्या उजव्या पायाची दोन बोटं गेली.

तुम्ही म्हणाल, तुला काय ठाऊक असणार? मीही स्वतःला हेच सांगत आले — की पुढचं पान मी पाहिलंच नव्हतं. इतक्यांदा सांगितलं की खरं वाटू लागलं. पण ते खरं नाही. पान मी हॉस्टेलवरच वाचलं होतं. खाली दोन ओळी होत्या — साखरेचा आजार असेल, पाय बधिर असतील, तर गरम पाण्यात पाय ठेवू नयेत. अंगणात वाचताना नजर त्या ओळींवर गेली, आणि मी त्या गाळल्या.

का? इतक्या बाया पहिल्यांदाच माझं ऐकत होत्या. त्या ओळी वाचल्या असत्या तर मोठी माय हसून उठून गेली असती, आणि तिच्यामागे बाकीच्या. गरम पाण्याने काय होतंय, असंही वाटलं असेल — की ते मी नंतर जोडलं? मला खरंच सांगता येत नाही.

फोड आले त्या सांजेला बाबा माझ्याकडे वळले. "हेच शिकून राहिली का तिथं?"

मोठी माय बाजेवरूनच म्हणाली, "तिला काहून बोलता? पुस्तक बराबर हाय. मीच म्हटलं टाक म्हणून."

तेव्हा बोलता आलं असतं. खरं सांगितलं तर कॉलेज सुटेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पुस्तक फळीवर होतं, आणि धाकटा चुलत भाऊ वाचू शकत होता. म्हणून सकाळी पुस्तक आजच परत द्यायचंय असं खोटंच सांगून मी जीपने हिंगोलीला निघून आले. मोठी माय पायांवर ओलं फडकं टाकून पडली होती. ग्रंथालय उघडल्यावर पुस्तक टेबलावर ठेवलं आणि मला — हलकं वाटलं. ते हलकं वाटणं मला विसरता येत नाही.

आता मी एम.ए.ला आहे. मोठी माय चालते, पण पाय तिरका पडतो. गेल्या दिवाळीत मी काशाची वाटी घेऊन तिच्या पायाशी बसले. तिने पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

"नको बाई. मला आराम सोसत न्हाई. एकदा बसले होते नं निवांत."

मग शेजारणीकडे वळून कौतुकाने म्हणाली, "काही विचारायचं असलं तर हिला विचार. आमची पोरगी वाचूनच सांगते."

शेजारणीने गुडघ्याचं विचारलं. तेल लावलेली वाटी माझ्या हातात तशीच होती.

आणि मी तिला गुडघ्याचं सांगितलं.