श्वास काऊन थांबला?

गोंदिया जिल्ह्यात शेवटचा श्वास घ्यायचा असला तरी आमच्या दवाखान्यातल्या रेकॉर्डवाल्या काकांची परवानगी लागते, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. घरी गेलेल्या किंवा दगावलेल्या पेशंटची फाईल त्यांच्याकडे जायची. जाड पुस्तकात शोधून ते प्रत्येक आजाराला कोड लावत. फुप्फुसं अचानक निकामी झाली तर ‘जे शहाण्णव’. पण ऑक्सिजन किती, वेळ कोणती, कारण काय, दम कधीपासून, हे सगळं कागदावर असल्याशिवाय त्यांचं पेन उघडत नसे. मी मेला आळशी. ‘दम लागला’ एवढं लिहून मोकळा व्हायचो. एकदा ‘श्वास थांबल्याने मृत्यू’ लिहिलं, तर फाईल माझ्यापुढे आपटून म्हणाले, “श्वास तं साऱ्यायचाच थांबते, डॉक्टरजी! काऊन थांबला ते लिवा.” मुर्रीला एका लग्नात तर त्यांनी अर्धवट फाईल घेऊन मला भर पंगतीत गाठलं. दवाखान्याची फाईल पाहून वधूपित्याला वाटलं, नवरदेवाचा काहीतरी आजार उघडकीला आला. तो मटकन खाली बसला. काकांनी आधी घड्याळ पाहून वेळ टिपली, मग पाणी मागवलं.

एका दुपारी काकाच स्ट्रेचरवरून आले. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया, ओठ निळे. मी नळीची तयारी करत होतो, आणि हा माणूस मास्कआडून मला भिंतीवरचं घड्याळ दाखवत होता! वेळ लिहिली. नळी घालून मशीनवर घेतलं. कारण लिहिलं, ऑक्सिजन लिहिला. दम कधीपासून? काकूंना विचारलं.

“मले का मालूम? थे घरी सांगतच नाही. दिवसभर तं तुमच्याच संग रायतेत.”

त्याआधीचे दोन आठवडे ते फायली मांडीवर घेऊन जिन्यात मध्येच बसलेले मला दिसत होते. मला धरायला टपलेत समजून मी मागच्या दाराने सटकत होतो. त्या रकान्यात मी लिहिलं, ‘माहीत नाही.’

नवव्या दिवशी नळी निघाली आणि काकांनी आधी स्वतःची फाईल मागितली. ओळीओळीवर बोट फिरवत त्या रकान्यापाशी थांबले. मी मान खाली घालून उभा राहिलो. घोगऱ्या आवाजात म्हणाले, “रायू द्या, डॉक्टरजी. चालते.”

इतक्या वर्षांत त्यांनी चालवून घेतलेली अर्धवट फाईल ही एकच. त्या दिवशी ते माझ्यावर ओरडले असते तर फार बरं झालं असतं.