केळुसकर सरांची न मोजलेली रेषा

मंडळी, आज साठी पूर्ण करणारे केळुसकर सर प्रथम आमच्या मालवणच्या बर्फाच्या कारखान्यात आले, ते काचेची बाटली घेऊन. “माका बर्फ नको, शेठ. थोडो अमोनिया होयो.” बर्फ गोठवायला आम्ही हाच वायू वापरतो. मासळीसाठी बर्फ भरून घेणारी गाबतीण म्हणाली, “मास्तरांनू, ज्या वासान आमचा डोक्या फिरता, तो घराक न्हेऊन काय करतलात?” सगळ्यांत मोठ्याने सरच हसले.

आईच्या आजारपणामुळे मुंबईची प्रयोगशाळा सोडून ते इथल्या शाळेत आले होते. कारखान्यामागच्या खोलीत, आमच्या इंजिनाच्या विजेवर, त्यांनी युद्धानंतर भंगारात निघालेल्या रडारच्या भागांचे यंत्र उभे केले. चौथी शिकलेल्या मला त्यांनी समजावले, की प्रत्येक रेणूचा ठरलेला सूर असतो आणि यंत्रात तो बारीक रेषेसारखा दिसतो. दुसरा रेणू धडकला की सूर बिघडतो, रेषा रुंदावते. मग अतिथंडीत?

“शेठ, बाजारात घायघायीत दोघे धडकले तर ‘बघून चल रे’ म्हणान सुटतत. निवांत गावले तर बिडी पेटवून बसतत. थंडीत रेणू तसेच. एकमेकांक लवकर सोडनत नाय.”

म्हणजे थंडीत रेषा हिशेबाहून जास्त रुंदावेल, हा त्यांचा अंदाज. तो मोजून पाहायला, तेवढ्या थंडीसाठी, द्रवरूप हवा हवी होती. यंत्राच्या थंड भिंतीवर अमोनिया गोठू नये म्हणून तो कोमट नळीतून गार हायड्रोजनमध्ये सोडायची युक्तीही त्यांनी तयार ठेवली होती. कैक अर्जांनंतर मुंबईच्या एका प्रयोगशाळेने एक फ्लास्क हवा दिली. आणायला मी गेलो. आतली हवा उकळून वाफ होत राहते, तिला वाट हवी, म्हणून झाकण सैल ठेवा, असे सरांनी बजावले होते. पण फोंडाघाट उतरताना आतून फुसफुस ऐकू आली, आणि माझ्या धंद्यात फुसफुस म्हणजे वायू गळून चालला. मी बूच ठोकून बसवले, वर सुतळी आवळली. उतार संपायच्या आत फ्लास्क फुटला.

मालवणात उतरून मी सांगितले, “सर, माझ्या हातून घात झाला.” सरांनी आधी माझी बाही उलटून पाहिली. “तुमका खंय लागला नाय मां?” पुढे कधीच त्यांनी तो विषय काढला नाही.

दुसरा फ्लास्क कोणी दिला नाही. खाऱ्या हवेने यंत्र खाल्ले, मोतीबिंदूने सरांची नजर. खोलीत आता मिठाची पोती आहेत. साठीची शाल आपण त्यांना पांघरू. ती एक मोजणी आपल्यापैकी कोणालाच देता येणार नाही.

सरांना उदंड आयुष्य आणि स्वच्छ नजर लाभो. कुठेतरी, कोणाच्या तरी हातून ती रेषा मोजली जाईल, तेव्हा तो आकडा वाचायला सर असावेत. आकडा अंदाजाविरुद्ध आला तरी चालेल, असे ते म्हणतात. मला मात्र ते चालायचे नाही.